हे लिहून कोणी ठेवलं असेल?

"गुगलवर बघितलं मॅडम, नाहीये." मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या ग्रंथालयात मी संदर्भाचं टेबल सांभाळते. हे वाक्य तिथे इतकं कानावर पडतं, की समोरच्याने पुढचं बोलायच्या आधीच ते मला ऐकू येतं: "म्हणजे तसं काही नसणारच."

शोधायचं म्हटलं की माणसं एकच प्रश्न विचारतात, "काय टाइप करू?" आधीचा प्रश्न कोणीच विचारत नाही: हे कोणी, कधी आणि कशाच्या पोटी लिहून ठेवलं असेल? तलाठ्याने लिहिलेलं तलाठ्याच्या भाषेत आणि तलाठ्याच्या रकान्यात असतं. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याने काढलेलं त्याच्या साच्यात असतं. विद्यापीठाच्या संशोधकाने लिहिलं असेल तर ते पाचशे पानांच्या प्रबंधाच्या पोटात दडलेलं असतं. लिहिणारा एकदा डोळ्यांसमोर आला की कुठलं साधन उघडायचं हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. त्याआधी उघडलेली शोधाची पांढरी पेटी म्हणजे नुसतं नशीब आजमावणं.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे जे झालं त्याने मला हे जितकं शिकवलं तितकं ग्रंथालयशास्त्राच्या पदवीनेही शिकवलं नाही. त्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी तपासणारी समिती नेमली गेली आणि गावोगावच्या घरांत एकदम पणजोबांचा शोध सुरू झाला. राजकारण बाजूला ठेवते. मला दिसत होतं ते एवढंच, की ज्या घरात कागद म्हणजे लाइटबिल आणि सातबारा, तिथली माणसं अचानक दफ्तरखान्यांची नावं घेऊ लागली. १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख पोरासोरांच्या तोंडी झाली, कारण कुणबी दाखल्यासाठी त्याआधीची नोंद हवी होती.

सत्तरी ओलांडलेले एक आबा नातवाला घेऊन आले होते. नातू हुशार, मोबाइलवर सराईत. त्याने पणजोबांचं नाव, आडनाव आणि पुढे ‘कुणबी नोंद’ असं टाकून बघितलं होतं. आल्या त्या बातम्या, भाषणांचे व्हिडिओ, आणि "घरबसल्या दाखला मिळवा" म्हणणारे तीन-चार भामटे.

"आडनावाने कशाला शोधतोस?" मी विचारलं.

"मग कशाने शोधू?"

आबाच बोलले, "आमच्या वक्ताला आडनाव कोण लावत होतं?"

मुद्दा तोच होता. जुन्या नोंदीत माणूस असतो तो ‘किसन वल्द रामा’ असा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. हा शब्द उर्दू दफ्तरातून आलेला, कारण १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चालायचा. याच कारणाने समितीलाही जुन्या कागदांसाठी हैदराबाद गाठावं लागलं. म्हणजे आपल्या गावच्या माणसाची नोंद दुसऱ्या राज्याच्या राजधानीत, तिसऱ्याच लिपीत. पश्चिम महाराष्ट्रात असतात तर आबांचे कागद मोडीत निघाले असते आणि ‘वल्द’च्या जागी ‘बिन’ आलं असतं. मराठवाड्यात दोन्ही लिप्या भेटतात. देवनागरीत आडनाव टाइप करून यातलं काय हाती लागणार?

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. गाव कोणतं? ते तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं? वडवणी, शिरूर कासार हे आजचे तालुके; निजामाच्या काळात ते नव्हते. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती. इंग्रजांनी छापलेल्या जुन्या गॅझेटियरमध्ये बीड शोधायला जाल तर सापडणार नाही, तिथे त्याचं स्पेलिंग ‘भीर’ असं होतं. आणि नावं बदलणं ही काही फक्त जुनी गोष्ट नाही. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, त्यानंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. उद्या कोणी दहा वर्षांपूर्वीचा अहवाल नव्या नावाने शोधत बसेल आणि म्हणेल, "नाहीये." नातवाला मी एक कागद दिला आणि गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची सगळी नावं त्यावर लिहायला लावली. शोध सुरू करण्याची माझ्या मते याहून चांगली रीत नाही, आणि तिला इंटरनेट लागत नाही.

त्यानंतर जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ. कुणबी नोंदी बऱ्याच जिल्ह्यांनी तालुकावार, गाववार पीडीएफ करून चढवल्या होत्या. जनतेला दिसतील अशा ठेवल्या होत्या, यात शंकाच नाही. पण त्या होत्या स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा. गुगलला त्यात अक्षरं दिसत नाहीत. शाईचे डाग, वाळवीची भोकं आणि कारकुनाचं लपेटदार वळण वाचण्याचा वकूब अजून कुठल्या यंत्राला नीटसा आलेला नाही. काही पानं तर आडवीच स्कॅन झाली होती. मान वाकडी करून वाचायची. शोधपेटी इथे निरुपयोगी. जिल्हा, तालुका, गाव, दस्ताचा प्रकार अशा पायऱ्या उतरत जायचं. दस्ताचे प्रकारही माहीत हवेत: गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. मग खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचं जनरल रजिस्टर.

पणजोबा सापडले नाहीतच. सापडले ते त्यांचे थोरले चुलते, शाळेच्या रजिस्टरमध्ये, जातीच्या रकान्यासकट. मग तिथून वंशावळ जुळवायचं काम तहसीलमध्ये सुरू झालं आणि ते माझ्या हद्दीबाहेरचं. नातू जाताना म्हणाला, "मॅडम, हे तर सर्च नाहीच, हे तर दफ्तर चाळणं झालं." बरोबर. निम्मा इंटरनेट म्हणजे दफ्तरच आहे, फक्त त्याला पुढून काचेचं दार लावलंय.

जिथे अक्षरं खरोखर अक्षरं म्हणून साठवलेली आहेत, तिथेही मराठी माणसाची वाट सरळ नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच, कोणी एक अख्खं अक्षर वापरतं, कोणी ‘अ’वर चंद्र चढवतं. मोठी शोधयंत्रं हे बऱ्याचदा सांभाळून घेतात. पण छोट्या संकेतस्थळावरची शोधपेटी किंवा पीडीएफमधलं ‘फाइंड’ तोंडावर सांगतं, शून्य. आमच्या ग्रंथालयाच्या सूचीतही हा घोळ आहे, कारण वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर नोंदी केल्या. म्हणून असं अक्षर असलेला शब्द मी शक्यतो टाळते आणि शीर्षकातला दुसरा एखादा निरुपद्रवी शब्द टाकते.

विभक्तीचा जाच वेगळाच. इंग्रजीत शब्द टाकला की तो बहुधा तसाच सापडतो. आपल्याकडे ‘घोडा’ शोधला तर ‘घोड्याच्या’, ‘घोड्यांना’, ‘घोड्यावरून’ कुठे जाणार? साध्या ‘फाइंड’मध्ये मी ‘घोड’ एवढंच टाकते. घोडेगाव आणि घोडचूकही येतात, येऊ देत.

आणि जुनी पुस्तकं? १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम बदलले, त्याआधी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांत’ असे अनुस्वार ठायी ठायी असायचे. शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर कोणी जसाच्या तसा टाइप करून ठेवला असेल तर तो शोधताना आपणही तेव्हाच्यासारखंच लिहायला हवं. माझ्या पिढीच्या शिक्षकांना हे जमतं. विद्यार्थ्यांना अनुस्वार द्या म्हटलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

इंटरनेट अर्काइव्हवर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे; त्यातला बराचसा सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पातून आलेला. तिथली शीर्षकं रोमन लिपीत, तीही एका अजब पद्धतीने लिहिलेली: दीर्घ आ साठी दोनदा ए, दीर्घ ई साठी दोनदा आय, ट-ठ साठी टी आणि त्याच्यापुढे वर एक ॲपॉस्ट्रॉफी. ‘मराठी’ हा शब्द त्या पद्धतीने लिहिता आला नाही तर अख्खं कपाट बंद. मी लेखकाच्या आडनावाचे तीन-चार प्रकार टाकून बघते. शीर्षकापेक्षा आडनावात अपघात कमी होतात.

एकदा इतिहासाच्या एका विद्यार्थिनीला जुन्या दस्तात ‘चावर’ लागलं. तिने शोधयंत्रात टाकलं तर आधी तांदळाचे भाव आले, कारण यंत्राला वाटलं हिला हिंदीतला चावल म्हणायचाय. देवनागरी दिसली की हिंदी समजायची ही खोड जुनी आहे. अशा शब्दासाठी शोधयंत्र हे साधनच नव्हे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाने कधीची आंतरजालावर ठेवली आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. चावर म्हणजे जमिनीचं माप, एकशेवीस बिघ्यांचं. गंमत म्हणजे मराठीचा हा खजिना आपण वापरतो तो मिशिगन सरोवराच्या काठावरून. आपल्याकडे मराठी विश्वकोश मोफत उघडा आहे, तोही लोक विसरतात. वनस्पती, तत्त्वज्ञान, यंत्रं यावरच्या त्याच्या नोंदी आजही कामाला येतात, फक्त आकडेवारी जुनी असते एवढं ध्यानात ठेवायचं. मराठीतल्या पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ. तिथे दर्जा वर-खाली आहे, पण प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे दुसऱ्याने केलेले कष्ट आयते मिळणं.

आता जीआर. गावातल्या व्हॉट्सॲपवर आठवड्याला एक नवा जीआर फिरतो: अमुक अनुदान, तमुक माफी. खरा की खोटा, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, आणि हे काम मला मनापासून आवडतं कारण यात वाद उरत नाही. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक अठरा आकडी असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फिरणाऱ्या कागदावर तारीख चालू महिन्याची आणि संकेतांकाची सुरुवात २०१९ ने? मग कोणीतरी जुना कागद नव्याने रंगवलाय. आकडे जुळले तरी थांबायचं नाही. शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकायचा आणि मूळ पीडीएफ उघडायची. दोन मिनिटांचं काम. तरीही लोक युट्यूबवर "जीआर आला का?" असं शोधतात आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ बघून आधी होते तिथेच येतात.

फोटोंचंही असंच. दर पावसाळ्यात कुठल्यातरी घाटात दरड कोसळल्याचा तोच तो फोटो येतो. त्यावर शब्दांनी शोधून उपयोग नाही. फोटोच शोधात टाकायचा. गुगल लेन्स चालतं. पण टिनआय नावाचं एक साधन आहे, त्यात ‘सर्वांत जुनं आधी’ असा क्रम लावता येतो, आणि फोटो पहिल्यांदा कधी दिसला हेच आपल्याला हवं असतं.

साधन निवडताना आणखी एक गोष्ट बघावी लागते: त्याचं पोट कशावर भरतं. गुगल काढणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना लिहिलेल्या निबंधात स्वतःच म्हटलं होतं, की जाहिरातींवर चालणाऱ्या शोधयंत्राचा कल ग्राहकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणार. पुढे काय झालं ते आपण बघतोच. कपाशीची पानं लाल पडायला लागली की शेतकरी ‘लाल्या’ टाकतो. शब्द अगदी बरोबर. या विकृतीला सगळे लाल्याच म्हणतात. पण वर येतात ते औषधवाल्यांचे व्हिडिओ, प्रत्येकाचा डबा वेगळा. लाल्यामागे मॅग्नेशियमची कमतरता हे एक मोठं कारण असतं आणि त्यावरचा सल्ला परभणीच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पत्रकात साध्या भाषेत दिलेला असतो. ते पत्रक कोणी विकत नाही, म्हणून ते वर येत नाही. अशा वेळी शोधशब्दापुढे विद्यापीठाचं नाव जोडायचं, किंवा ‘साईट’ (इंग्रजी अक्षरांत, site) लिहून अपूर्णविराम आणि त्या विद्यापीठाचा पत्ता द्यायचा, म्हणजे शोध त्या एकाच आवारात फिरतो. ही युक्ती मी ज्याला ज्याला शिकवली तो आधी विचारतो, "हे आधीपासून होतं?"

बँकेच्या कस्टमर केअरचा नंबर मात्र शोधायचाच नाही. कुठल्याच शोधयंत्रात नाही. तो एटीएम कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. शोधात सापडलेल्या नंबरवर फोन करून, पलीकडच्याने सांगितलेलं ॲप टाकून, खातं रिकामं करून बसलेली माणसं मी बघितली आहेत. शिकलेली, पेन्शनवर असलेली माणसं. झालंच तसं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन करायचा, उद्या सकाळी बँकेत जाऊ म्हणून थांबायचं नाही.

आता सगळे विचारतात ते एआयबद्दल. माझं मत बदलत गेलंय, आजचं सांगते. नेमकं काय शोधायचं हेच माहीत नसेल तेव्हा ते फार कामाचं. "शेताच्या बांधावरून भावकीत वाद आहे, मोजणी कोण करतं, अर्ज कुठे करायचा," असं साध्या मराठीत लिहिलं तर ते भूमी अभिलेख, मोजणी, हद्द कायम असे शब्द हातात देतं, आणि ते शब्द घेऊन खऱ्या दारावर जाता येतं. पण संदर्भ मागाल तर सांभाळून. एम.ए.च्या एका मुलाने प्रकल्पासाठी संदर्भसूची आणली. लेखक, वर्ष, प्रकाशन, पृष्ठसंख्या, सगळं ऐटीत. त्यातली बरीचशी पुस्तकं कधी छापलीच गेली नव्हती. नावं मात्र इतकी पटण्यासारखी, की एक-दोन पुस्तकं मलाही वाचायला आवडली असती. मी त्याला रागावले नाही. फक्त सांगितलं, यातलं प्रत्येक पुस्तक कुठल्यातरी ग्रंथालयाच्या सूचीत दाखव, मग सही करते.

एक शेवटचं. काही पानं होती आणि आता नाहीत. सरकारी संकेतस्थळं नव्याने बांधली जातात आणि जुने दुवे मरतात. गुगल पूर्वी पानाची साठवलेली प्रत दाखवायचं, ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. त्यासाठी इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन. २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे. मेलेला पत्ता त्यात टाकला की वर्षांचं कॅलेंडर उघडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संस्थेवरच सायबर हल्ला झाला आणि काही दिवस सगळं ठप्प होतं. तेव्हापासून माझी सवय अशी, की कामाचं पान दिसलं की पीडीएफ करून आपल्याकडेच ठेवायचं आणि फाइलच्या नावात तारीख घालायची.

आणि जे कोणीच लिहून ठेवलेलं नाही, त्याला कुठलंच साधन नाही. परवा पुण्याहून एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. माहेरच्या गावची देवीची जत्रा यंदा कधी, तिला रजा टाकायची होती. तिने सगळीकडे शोधलं होतं, एआयने तर तिला एक तारीखही काढून दिली होती. पण ती जत्रा तिथीवर ठरते, आणि अधिक मास आला की गावकरी बसून ठरवतात. ते ठरलं की नाही हे फक्त गुरवाला ठाऊक. गुरवाचा नंबर माझ्याकडे नव्हता, सरपंचाने बदललेला नंबर दिला, शेवटी तो मिळाला पोस्टमनकडे. त्याने देण्याआधी विचारलं, "कुणाची पोरगी म्हणायची?"